हूड पर्वत ते समुद्र : बारा मैत्रिणींची ३२० किलोमीटरची धाव

ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात ‘हूड टू कोस्ट’ नावाची रिले शर्यत होते. हूड पर्वतावरच्या टिंबरलाइन लॉजपासून, म्हणजे सुमारे १,८०० मीटर उंचीवरून निघायचं आणि पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, सीसाइड गावच्या वाळूत थांबायचं. अंतर जवळजवळ ३२० किलोमीटर. १९८२ साली बॉब फूट यांनी ती सुरू केली तेव्हा आठ संघ होते. आता हजारावर असतात, आणि जागेसाठी सोडत काढावी लागते.

पोर्टलंडशेजारच्या बीव्हर्टनमध्ये राहणाऱ्या आम्ही बारा जणी. पाच महाराष्ट्रातल्या, बाकी हैदराबाद, लाहोर, कैरो अशा ठिकाणच्या. मुलांच्या रविवारच्या दीनी वर्गाबाहेर ओळख झाली. मुलं आत शिकत असताना दीड तास बाकावर बसून काय करायचं, म्हणून चालायला लागलो. चालण्याचं धावणं कधी झालं ते कळलंच नाही. पोशाखाचं काय, असा प्रश्न गावाकडून फोनवर हमखास येतो. लांब बाह्यांचा सैल कुर्ता, विजार, पातळ स्कार्फ. तिथे कुणाला त्याचं काही वाटलं नाही. सगळ्यांना आपापल्या पायांची चिंता होती.

शर्यतीचे ३६ टप्पे असतात. बारा जणींनी प्रत्येकी तीन धावायचे, ठरलेल्या क्रमाने. पहिल्या सहा जणी एका गाडीत, पुढच्या सहा दुसरीत. एक गाडी धावते तेव्हा दुसरीने खायचं आणि जमलं तर झोपायचं. काठीऐवजी मनगटावर आपटला की गुंडाळला जाणारा एक पट्टा असतो, तो पुढचीच्या हातावर चढवायचा. पोर्टलंड परिसरातल्या संघाने तीन स्वयंसेवकही द्यावे लागतात. ते काम आमच्या घरच्या मंडळींनी केलं. गाड्या दोघींच्या भावांनी चालवल्या.

शुक्रवारी पहाटे पाचला मिरजेची मैत्रीण सुटली. पहिला टप्पा नुसता उतार, नऊ किलोमीटरच्या आत सहाशे मीटर खाली. बघणाऱ्याला सोपा वाटतो. उतारावर मांड्यांना प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो, त्यामुळे संध्याकाळी तिला गाडीची पायरी चढवेना. सोबत उकडलेली अंडी, दहीभात, केळी, खजूर होते. लाहोरच्या मैत्रिणीने मोठं पातेलंभर बिर्याणीही आणली होती. शर्यत संपेपर्यंत तिच्याकडे कुणाला बघवलंही नाही.

बाराव्या क्रमांकावर आपा होत्या. खेडच्या, वय ४९, नऊ वर्षांपासून मधुमेह, रोज इन्सुलिन. डॉक्टरांना विचारून त्यांनी त्या दोन दिवसांचे डोस कमी करून घेतले होते. दुपारचा पहिला टप्पा त्यांनी पोर्टलंडच्या नदीकाठी मजेत संपवला. दुसरा म्हणजे २४वा टप्पा पहाटे तीनच्या पुढे, डोंगरातल्या जंगलात, मिस्ट नावाच्या वस्तीकडे जाणारा. कपाळाला दिवा, अंगावर चमकणारं जॅकेट, चहूकडे काळोख. मोबाइलला तिथे रेंज नसते.

हजार संघ म्हणजे दोन हजार गाड्या, आणि जंगलातला रस्ता अरुंद. आपांना सोडून आम्ही पुढे निघालो आणि मिस्टच्या अलीकडे तीन किलोमीटरवर गाड्यांची रांग थांबली. पहिली गाडीही त्याच रांगेत, आमच्या थोडी पुढे अडकली होती. म्हणजे आपा पोहोचतील तेव्हा पट्टा घ्यायला कुणी नाही, गरम कपडे नाहीत, रात्रीची थंडी आणि अंगावर घाम. पंधरा मिनिटं झाली तरी रांग हलली नाही, तेव्हा आमच्यातली कैरोची मैत्रीण, जी पेशाने नर्स आहे, आपांचं जॅकेट आणि पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेने पळत सुटली. वाटेत पहिल्या गाडीच्या काचेवर टकटक केली. मिरजेची मैत्रीण ठणकत्या मांड्यांनी उतरली आणि तिच्यासोबत धावू लागली.

आपा कुंपणाला टेकून बसल्या होत्या. हात थरथरत होते. यंत्रावर साखर ६८. कमरेच्या पट्ट्यातल्या ग्लुकोजच्या चार गोळ्या त्यांनी आधीच खाल्ल्या होत्या. अशा वेळी नियम साधा आहे : पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटं थांबणं, पुन्हा तपासणं. तपासली, ९४ झाली. मग बिस्किटं आणि केळं. पट्टा मिरजेच्या हाती गेला तेव्हा ४२ मिनिटं वाया गेली होती. उजाडण्याआधी गाडीशेजारी चटई टाकून आम्ही फजर पढलो. दवाने चटई भिजली.

खरा पेच सकाळी आला. शेवटचा, ३६वा टप्पाही आपांचाच. आमच्यातल्या तिघींनी म्हटलं, “आपा, आता तुम्ही थांबा.” त्या काहीच बोलल्या नाहीत. किनाऱ्याजवळ रेंज आल्यावर त्यांनीच डॉक्टरांच्या तातडीच्या फोनसेवेला विचारलं. साखर एकदा उतरली की लवकरच पुन्हा उतरण्याची शक्यता वाढते, पण उतरल्याची लक्षणंही नीट जाणवतीलच असं नसतं, असं तिकडून सांगितलं गेलं. निघताना साखर १३०च्या वर असेल, निम्म्या वाटेवर तपासायची असेल आणि एकट्या नसतील तरच जा. आपा म्हणाल्या, “मग चालत-धावत जाते. घाई कसली?”

निघताना १५२ होती. वाटेत १३१. तीनच्या सुमारास वाळूत शिरल्या तेव्हा प्रथेप्रमाणे आम्ही अकरा जणी बाजूला उभ्या होतो, मग त्यांच्यासोबत उरलेले शेवटचे मीटर पळालो. एकूण साडेचौतीस तासांच्या आसपास लागले. बिर्याणी पार्किंगमध्ये गार असतानाच संपली.

पुढच्या वर्षी अर्ज भरायचा आहे. एक बदल ठरलाय : रात्रीच्या टप्प्यांना प्रत्येकीच्या कमरेला स्वतःची थैली, त्यात पातळ जॅकेट, ग्लुकोजच्या गोळ्या, पाण्याची छोटी बाटली आणि नाव-औषधांचा कागद. आपांनी मात्र शेवटचा क्रमांक सोडायला नकार दिलाय.