डॉ. इरावती कर्वे

सून परदेशीं शिकावयास निघाली म्हणजे घरांतील वडीलधाऱ्यांनीं आडवें यावें, यांत आमच्या वाचकांस नवल वाटणार नाहीं. पण स्त्रीशिक्षणास ज्यांनीं आयुष्य वाहिलें त्या महर्षि अण्णासाहेब कर्वे यांनींच आपल्या सुनेच्या जर्मनीस जाण्यास विरोध केला होता, हें प्रथम वाचलें तेव्हां आम्ही चकित झालों.

ती सून म्हणजे डॉ. इरावती कर्वे. जन्म १९०५ सालीं ब्रह्मदेशांत. तेथील नदीचेंच नांव मुलीस मिळालें. सातव्या वर्षीं त्या पुण्यास हुजूरपागेंत आल्या व पुढें रँग्लर परांजपे यांच्या घरीं वाढल्या. मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं एम्. ए. करून, जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन, त्या १९२८ सालीं बर्लिनला गेल्या. पति दिनकरराव पाठीशीं होते. (बाई त्यांस ‘दिनू’ म्हणून हाक मारीत, आमच्या घरांत तें अद्यापि कोणास साधलेलें नाहीं.)

तेथें गुरु लाभले ते प्रोफेसर यूजेन फिशर. यूरोपीय माणसाच्या कवटीच्या उजव्याडाव्या बाजूंत जो असमपणा असतो तो इतर वंशांत तितका नसावा, व त्यांतच यूरोपीयांच्या श्रेष्ठ बुद्धीचें मूळ असावें, अशी त्यांची अटकळ. ती पडताळण्याचें काम या विद्यार्थिनीकडे आलें. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, आणि तपासावयाचें तें प्रत्यक्ष गुरूचेंच मत! बाईंनीं कवट्या मोजल्या. यूरोपीयांच्या, तशाच जर्मनांच्या आफ्रिकेंतील वसाहतींतून आणलेल्याही. असमपणा सर्वत्र होता. वंशाशीं त्याचा संबंध मात्र दिसेना. त्यांनीं तसेंच लिहून दिलें. १९३० सालीं डॉक्टरेट मिळाली. हेच फिशर १९३३ त, हिटलरच्या राजवटींत, बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या प्रबंधाचें मोल कळतें.

१९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजांत होत्या. आप्तसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ सालचा. त्यांत त्यांनीं हिंदुस्थानचे चार विभाग पाडले. उत्तरेंत मामाची मुलगी ती बहीणच. दक्षिणेंत मामाचें भाचीशींही लग्न लागतें. मधल्या आपल्या महाराष्ट्रांत मामाची मुलगी कित्येक जातींत चालते, पण भाची नाहीं. वाचकांनीं आपापल्या नात्यांतील लग्नें आठवून पाहावीं.

१९६७ त त्यांचा ‘युगान्त’ प्रसिद्ध झाला, व त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. १९७० च्या ऑगस्टांत बाई निवर्तल्या.

विदुर हाच धर्मराजाचा पिता असावा काय, असा प्रश्न त्यांनीं ‘युगान्तां’त काढला आहे. आम्हांस तें पटलें नाहीं, अद्यापि पटत नाहीं. पण उत्तर देण्यासाठीं आम्हीं आश्रमवासिकपर्व काढलें, आणि विदुर योगबलानें धर्मराजाच्या देहांत प्रवेश करितो तो प्रसंग पुन्हां वाचला. त्या रात्रीं दिवा बराच उशिरां मालवला.