आखूड धातुखंडाची पकड

आडव्या पट्टाकरवतीवर, म्हणजे कारखान्यात जिला बँडसॉ म्हणतात त्या यंत्रावर, लांब गज कापणे सुलभ असते. अडचण येते ती गजाचा उरलेला आखूड तुकडा कापताना. व्हाइस कितीही आवळला तरी तो तुकडा हलतो, हा अनुभव नवशिक्याला हटकून येतो. दोष बळाच्या उणेपणाचा नसून बळाच्या स्थानाचा आहे, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

व्हाइसला दोन जबडे असतात: एक स्थिर, दुसरा चल. तिरका काप घेता यावा म्हणून चल जबडा बहुधा मध्यावरील पिनेभोवती फिरता ठेवलेला असतो. मळसूत्राचा रेटा या मध्यावर पडतो. आखूड तुकडा मात्र पात्यालगतच्या टोकाशीच धरावा लागतो. रेटा एका ठिकाणी व प्रतिकार दुसऱ्या ठिकाणी झाल्यामुळे जबडा तिरका होतो आणि तुकडा केवळ कडेवर धरला जातो. अधिक आवळावे, तर जबडा अधिकच फिरतो. पाते टेकताच तुकडा कलंडतो. मग दाते झडतात किंवा पाते अडकून तुटते.

यावरील उपाय तराजूच्या न्यायाने सुचतो. जबड्यांच्या दुसऱ्या टोकाशी त्याच गजाचा, अर्थात त्याच जाडीचा, दुसरा तुकडा ठेवावा. मध्यापासून दोन्ही तुकडे समान अंतरावर असल्यास प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा रेटा येतो व जबडा सरळ राहतो. तसा तुकडा हाताशी नसल्यास बोल्टवर नट चढवून, तो फिरवीत, हवी तेवढी लांबी जुळवावी. धातुखंड जबड्यात पुरेसा बसतच नसेल, तर तो लांब पट्टीला क्लॅम्पने जखडून ती पट्टीच व्हाइसमध्ये धरावी. हाताने धरण्याचा मोह कदापि करू नये. मांडणी करताना यंत्र बंदच असावे.

भाषाभ्यासकाला येथे एक गोष्ट लक्षणीय वाटेल. गाठ सैल झाली तर ती आवळावी, भिंत कलली तर तिला टेकू द्यावा, हा विवेक मराठी बोलणाऱ्याच्या अंगवळणी आहे. ‘आवळणे’ बळाची मात्रा सांगते, ‘टेकू’ बळाची जागा सांगतो. नवशिका या प्रसंगाला गाठ समजतो आणि आवळीत राहतो. वस्तुतः हा प्रसंग कललेल्या भिंतीचा आहे. म्हणून त्या दुसऱ्या तुकड्यासाठी ‘अंतरक’ यासारखा संस्कृत शब्द घडविण्यापेक्षा त्याला ‘टेकू’ म्हणणेच मला श्रेयस्कर वाटते. परिभाषा शिकणाऱ्याच्या हाताला वळण लावते, आणि येथे तर प्रश्न त्या हाताच्या बोटांचाही आहे.