रोबोची बॅटरी किती चालते आणि रोबो नीट कसा थांबतो?

आज आपल्याला दोन प्रश्न घ्यायचे आहेत. हौसेनं घरी बनवलेला रोबो एका चार्जिंगवर किती वेळ चालतो, हा पहिला. बॅटरी संपत आली की तो नीट बंद कसा करायचा, हा दुसरा. बहुतेक जण पहिला विचारतात आणि दुसरा सोडून देतात. पण रोबो कुठे थांबवायचा हे ठरल्याशिवाय तो किती चालतो हे सांगताच येत नाही.

एक साधा नमुना समोर धरू. दोन मोटारी, एक कॅमेरा, मेंदू म्हणून रास्पबेरी पाय, आणि १८६५० आकाराचे दोन लिथियम-आयन सेल सिरीजमध्ये जोडलेले. प्रत्येक सेल ३.७ व्होल्टचा आणि २५०० मिलीअँपिअर-तासांचा. दोघांचे मिळून ७.४ व्होल्ट. ७.४ गुणिले २.५ म्हणजे १८.५ वॅट-तास. रोबो सरासरी ९ वॅट घेत असेल, तर हिशेबानं दोन तास येतात.

हे झालं कागदावरचं. कन्व्हर्टर आणि वायरींमध्ये साधारण १५ टक्के ऊर्जा उष्णता होऊन जाते असं धरू. तळची २० टक्के आपण वापरणार नाही. उरतात जेमतेम साडेबारा वॅट-तास, म्हणजे एक तास चोवीस मिनिटं.

आता तुम्ही म्हणाल, २० टक्के सोडायची कशाला? बंद व्हायला एवढी वीज लागते का? मुळीच नाही. रास्पबेरी पाय नीट बंद व्हायला अर्धा मिनिट आणि ५ वॅट धरा. झाले १५० ज्यूल. आपल्या बॅटरीत भरलेली असताना ६६,६०० ज्यूल असतात. म्हणजे पाव टक्कासुद्धा लागत नाही. तरीही रोबो मध्येच धाडकन बंद पडतात, कारण कमी पडते ती ऊर्जा नव्हे, व्होल्टेज.

सेलला, वायरीला, सेलच्या खोबणीतल्या पत्र्यांना स्वतःचा रोध असतो. तो सगळा मिळून ०.२ ओहम धरू. मोटार सुरू होताना किंवा चाक अडकल्यावर ५ अँपिअर ओढले, तर तेवढ्यापुरता एक व्होल्ट गळतो. बॅटरी ८.४ वर असताना हे जाणवत नाही. पण ती ७ वर आली असेल तर क्षणभर ६ होतात, आणि साधा कन्व्हर्टर तिथून ५ व्होल्ट धरून ठेवेलच असं नाही. मेंदूची वीज गेली. त्याच वेळी मेमरी कार्डावर काही लिहिलं जात असेल तर फाइल अर्धवट राहते. नशीब खराब असेल तर कार्ड पुन्हा सुरूच होत नाही, आणि दोन महिन्यांचं काम त्यावरच असतं.

काहीजण म्हणतात, आमच्या बॅटरीला बीएमएस आहे. चांगलं आहे, ते असलंच पाहिजे. पण बीएमएस सेल वाचवतं, कार्ड नाही. तेही वीज एकदम तोडतं.

म्हणून थांबायचं ते टप्प्याटप्प्यानं. पूर्णेत हे समजावून सांगायची गरज नाही. परभणी-नांदेड मार्गाला हिंगोली-अकोल्याकडची लाईन जिथे मिळते, त्या जंक्शनचं हे गाव. गाडीला एकदम लाल सिग्नल दाखवत नाहीत. आधी दोन पिवळे, मग एक पिवळा, मग लाल. थांबायला अंतर लागतं, ते आधीच राखून ठेवलेलं असतं.

आपल्या नमुन्यात असं करू. ७.० व्होल्टला दोन पिवळे: हातातलं काम सोडून जागेवर परत ये. ६.८ ला एक पिवळा: मोटारी बंद, फाइली बंद. मग अर्ध्या मिनिटानं, किंवा त्याआधी ६.६ आले तर लगेच, लाल: शटडाउन. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, हे आकडे दहा सेकंदांच्या सरासरीचे घ्यायचे, नाहीतर मोटारीच्या एका धक्क्यानं रोबो उगाच झोपेल. दोन, मोटारी थांबल्या की व्होल्टेज पुन्हा वर चढतं. त्याला भुलायचं नाही. एकदा पिवळा लागला की चार्ज होईपर्यंत पिवळाच.

चाचणी कशी घ्यायची? रोबो जमिनीवर चालवा. चाकं हवेत ठेवून मिळालेला वेळ खोटा असतो. दर दहा सेकंदांनी व्होल्टेज नोंदवा आणि नोंद लगेच कार्डावर उतरेल असं करा. तीनदा चालवा आणि सरासरी न घेता सगळ्यात कमी वेळ धरा. दुसरी चाचणी टेबलावर. बॅटरीऐवजी व्होल्टेज बदलता येणारा पॉवर सप्लाय लावा, हळूहळू खाली आणा, आणि वीस वेळा पाहा. वीसच्या वीस वेळा नीट बंद होऊन नीट सुरू झाला, तरच पास. तिसरी, शटडाउननंतर मल्टिमीटर लावा. रास्पबेरी पाय बंद होऊनही थोडी वीज घेत राहतो. रात्रभर तसाच ठेवला तर सेल पार उतरतात. म्हणून शेवटी वीज तोडणारा स्विच किंवा रिले हवाच.

आणखी एक, आपल्या भागापुरतं. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. दुपारी धावून आलेला रोबो आधी सावलीत गार होऊ द्या. फुगलेला किंवा पार उतरलेला सेल पुन्हा चार्जरला लावू नका, आग लागू शकते.

एक प्रश्न आलाय: मोठ्या मोहिमांतही असंच करतात का? हो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये चंद्रावर रात्र होण्याआधी इस्रोनं २ तारखेला प्रज्ञान आणि ४ तारखेला विक्रम झोपवला. प्रज्ञानची बॅटरी तेव्हा पूर्ण भरलेली होती, सौर पॅनेल पुढच्या सूर्योदयाकडे तोंड करून होतं, रिसिव्हर चालू ठेवला होता. २२ सप्टेंबरला हाक दिली, उत्तर आलं नाही. पण ठरलेली कामं झाली होती आणि माहिती आधीच पृथ्वीवर पोचली होती. नीट थांबण्यातून मिळतं ते हेच. यंत्र पुन्हा उठेलच असं नाही, पण केलेलं काम हाती राहतं.

तेव्हा तुमच्या रोबोवर वेळेची चिठ्ठी चिकटवाल तेव्हा पहिल्या पिवळ्यापर्यंतचा वेळ लिहा. पुढचा वेळ परत येण्यासाठी आणि बंद होण्यासाठी राखलेला आहे.