गाडी ठोकून पसार : क्लेम करावा की खिशातून भरावे?

कापडाच्या धंद्यात तागा डागी निघाला तर पैसे कोणाच्या बिलातून कापायचे हे आपल्याला ठाऊक असते. पण रात्री गाळ्याबाहेर उभी केलेली मोटार सकाळी मागून चेपलेली दिसली आणि ठोकणारा पसार झाला, तर बिल कोणाच्या नावे फाडायचे? डिसेंबर २०२३ मध्ये भिवंडीत माझ्यावर हीच वेळ आली. डिकीचा दरवाजा आत गेला होता, मागची काच फुटली होती, बंपर लोंबकळत होता. वॉचमनने आवाज ऐकला होता. टेम्पो होता, यापलीकडे त्याला काही सांगता येईना.

मला त्याच आठवड्यात इचलकरंजीला वसुलीसाठी जायचे होते. घाईघाईने गाडी गॅरेजला धाडली आणि कामाला लागा म्हणून सांगितले. हीच माझी मोठी चूक. तिसऱ्या दिवशी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तेव्हा जुना बंपर भंगारात गेलेला! त्याने विचारले, "तुटलेला बंपर दाखवा." दाखवणार काय? बंपरची पूर्ण रक्कम त्याने कापली, आणि त्याचे चुकले असे मला म्हणता येत नाही. म्हणून आधी चारही बाजूंनी फोटो काढावेत, पोलीस ठाण्यात नोंद करून तिची प्रत घ्यावी, कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि सर्व्हे होईपर्यंत एक स्क्रूही हलवू देऊ नये.

हे सारे अर्थात सर्वंकष पॉलिसी असेल तर. कायद्याने सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी विमा. त्यात आपल्या स्वतःच्या गाडीच्या पत्र्याला एक पैसाही मिळत नाही. आपले कित्येक व्यापारी बंधू स्वस्त म्हणून तेवढाच उतरवतात आणि गाडी चेपली की एजंटला शिव्या देतात.

आता हिशेब पाहू. गॅरेजचे बिल झाले ३७,००० रुपये. त्यात डिकीचा दरवाजा १४,०००, बंपर ६,०००, काच ५,०००, डेंटिंगची मजुरी ४,००० आणि रंगकाम ८,०००. गाडी तीन वर्षे पुरी करून चौथ्यात होती, म्हणून लोखंडी भागावर २५ टक्के घसारा, म्हणजे ३,५०० रुपये गेले. काचेवर घसारा नसतो. रंगाच्या बिलात चौथा हिस्सा माल समजतात व त्याचा निम्मा कापतात. ते १,००० गेले. पंधराशे सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला दर क्लेममागे १,००० रुपये मालकानेच सोसायचे असतात. बंपरचे ६,००० तर बुडालेच. प्लॅस्टिकवर निम्मा घसारा असतो, म्हणजे तो जपून ठेवला असता तर ३,००० तरी हाती आले असते. एकूण ११,५०० वजा जाऊन मिळाले २५,५००. घसारामुक्त जोड घेतली असती तर घसाऱ्याचे साडेचार हजारही वाचले असते, पण बंपर गेला तो गेलाच.

परंतु खरी कापणी पुढे असते. क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. "चूक माझी नाही, मग बोनस का जावा?" असे मीही भांडलो. हा बोनस चूक नसल्याबद्दल नव्हे, क्लेम नसल्याबद्दल मिळतो! माझा बोनस ३५ टक्के होता. पुढच्या वर्षी ४५ व नंतर ५० टक्के झाला असता. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनस वजा करण्याआधी १२,००० आहे. तो तेवढाच राहिला असे धरले तर पहिल्या वर्षी ५,४००, मग ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६००, असे पाच वर्षांत १४,४०० रुपये जादा जातात. म्हणजे २५,५०० मिळाले तरी निव्वळ फायदा ११,१०० चा. नुसता बंपर व थोडा रंग असे दहा हजारांचे काम असते, तर क्लेम करणे घाट्याचा सौदा ठरला असता.

या काळात दोघांनी मला शहाणपण शिकवले. गॅरेजवाला म्हणाला, "शेठ, डावीकडचे जुने चरेही यातच बसवून देतो." जुन्या चऱ्यात गंज धरलेला असतो, तो सर्व्हेअरला दिसतो, आणि खोट्यापायी सगळा क्लेम नामंजूर होऊ शकतो. शिवाय ताग्यात मीटर कमी भरणाऱ्याला आपण काय म्हणतो? दुसरा होता एक एजंट. त्याचे म्हणणे, कंपनी बदला आणि जुना बोनस तसाच दाखवा. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते. तेव्हा नाही केली, तर पुढच्या क्लेमच्या वेळी करते.

सरकारी मदतीबद्दलही गैरसमज आहे. वाहन ठोकून पळाल्यास १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात, पण ते माणसासाठी, गाडीसाठी नव्हे. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे करावा लागतो. विमा कंपनीने क्लेम अन्यायाने नाकारला, तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार द्यावी. महिनाभरात उत्तर नाही आले किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. मुंबई व पुणे येथे कार्यालये आहेत, फी नाही, वकिलाची गरज नाही.

टेम्पोचा नंबर मिळाला असता तर गोष्ट निराळी होती. मग त्याच्या मालकाकडून व त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता आली असती. एवढ्या रकमेसाठी न्यायाधिकरणाच्या फेऱ्या कोण मारतो म्हणा. पण नंबर हाती आहे म्हटल्यावर बरेच मालक आपणहून तडजोडीला येतात. समोरच्या दुकानात कॅमेरा होता. मी पाचव्या दिवशी विचारायला गेलो, तोवर त्यावर नवे चित्रण चढले होते. आता गाळ्यावर माझा स्वतःचा कॅमेरा आहे, आणि वॉचमनच्या खुर्चीला दोरीने एक पेन्सिल बांधून ठेवली आहे.