शहर बदलताना (लेखांक ५) : माणसं घटली, उत्पन्न वाढलं

गिरण्यांच्या जमिनींचे तीन वाटे कसे ठरले होते आणि २००१च्या दुरुस्तीनंतर पालिका व म्हाडाच्या हाती किती थोडं उरलं, ते मागच्या लेखात पाहिलं. आता त्या जमिनींभोवती राहणाऱ्या माणसांकडे वळू.

२००१ साली मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती. २०११च्या जनगणनेत ती ३० लाख ८५ हजार भरली. परळ-लालबागला टॉवर उठत होते त्याच दशकात अडीच लाख माणसं कमी झाली! ठाणे जिल्हा तेव्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. ही सगळी भर मुंबईकरांची नव्हे. पण लालबागच्या कुठल्याही घरात धाकटा कुठे असतो विचारलं, तर डोंबिवली, बदलापूर नाहीतर नालासोपारा हेच ऐकू येतं.

टॉवर वाढूनही माणसं घटली ती अशी : चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात जण राहत. गिरण्या चालू होत्या तेव्हा गाळ्यात पाळीनुसार झोपणारे वेगळेच. टॉवरमधल्या ऐसपैस फ्लॅटमध्ये तिघं-चौघं असतात, आणि काही फ्लॅट नुसतेच गुंतवणूक म्हणून कुलूपबंद.

आता उत्पन्न. समजा, एका गल्लीत दहा बिऱ्हाडं आहेत, प्रत्येकाची कमाई महिना तीस हजार. त्यातली चार गेली आणि त्यांच्या जागी अडीच लाख कमावणारी चार आली. गल्लीची सरासरी एक लाख अठरा हजार झाली, जवळपास चौपट. उरलेल्या सहांच्या खिशात एक रुपयाही वाढलेला नाही. त्यामुळे 'या भागाचा आर्थिक स्तर उंचावला' असं कुणी म्हणालं, की कुणाचा, हे आधी विचारावं.

जुनी माणसं जातात कशी? भाडं वाढवून त्यांना हुसकता येत नाही. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने चाळकऱ्याला पक्कं संरक्षण दिलं. पुनर्विकासात तर त्याला मालकीचं घर फुकट मिळतं. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. चाळीत महिना दोन-चारशे रुपयांत भागायचं. इथे लिफ्ट, पंप, वॉचमन, सगळ्यांचं मिळून मेंटेनन्सचं बिल येतं. मिळालेला कॉर्पस फंड दुरुस्त्यांत आटत जातो. पेन्शन नसलेल्या गिरणी कामगाराला ते बिल भाड्यापेक्षा जड. दुसरीकडे, खोलीला नव्हती ती किंमत आता घराला आली, आणि वडील गेले की तीन भाऊ, दोन बहिणी हिशेबाला बसतात. एक घर पाच जणांत कापता येत नाही, पैसे येतात. एवढ्या वाट्यात लालबागला घर मिळणं अशक्य, बदलापूरला वन बीएचके होतो. ही विक्री राजीखुशीची असते आणि सगळी कागदपत्रं चोख असतात, म्हणून विस्थापनाच्या कुठल्याच यादीत ती बसत नाही. माझ्या मते गिरणगाव सर्वांत जास्त याच वाटेने रिकामा झाला.

गेलेली माणसं बाजार मात्र सोडत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये लालबागच्या मिरची गल्लीत डंखावर मसाला कुटून घ्यायला रांग लागते, त्यातल्या कितीतरी बायका कल्याणपलीकडून लोकल पकडून आलेल्या असतात. नव्या रहिवाशांना तयार मसाला घरपोच येतो.

गिरणी कामगारांच्या घरांचाही कल तोच आहे. दत्ता इस्वलकरांनी उभ्या केलेल्या लढ्यामुळे २०१२ साली म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. ही घरं गिरण्यांच्याच जमिनीवरची. अर्ज मात्र दीड लाखावर आलेले, त्यामुळे उरलेल्यांसाठी सरकारने पुढे शेलू आणि वांगणीचा प्रस्ताव आणला. दोन्ही स्टेशनं कर्जत मार्गावर, बदलापूरच्याही पुढे. कामगार संघटनांचा त्याला विरोध आहे. घर मुंबईतच हवं, अशी त्यांची मागणी आहे.

(पुढील लेखांक : पागडीचा व्यवहार आणि मालकाचा तिसरा हिस्सा)