पोढीच्या काठावर पाच मित्र

बेल्ह्याहून लेणी पाहायला निघालो असे सांगितले, की लोक हमखास विचारतात, "लेण्याद्रीच्या गणपतीला का?" त्यांचा तरी काय दोष? जुन्नरच्या चहूबाजूंच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास बौद्ध लेणी आहेत, लेण्याद्रीही त्यांतलीच, हे आपल्याच कितीतरी घरांत ठाऊक नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही पाच मित्र निघालो. एक गवंडी, एक कंडक्टर, एक शिक्षक, मी कारकून आणि सत्तरी ओलांडलेले तात्या. भाकरी, ठेचा आणि पाण्याच्या बाटल्या पिशवीत घेतल्या. आळेफाटा, नारायणगाव करत एस.टी.ने जुन्नर गाठले आणि तिथून पायी पश्चिमेकडच्या तुळजा लेण्यांची वाट धरली.

तिथले चैत्यगृह गोल आहे. मधोमध स्तूप, त्याभोवती बारा अष्टकोनी खांब आणि वर घुमटासारखे छत. सारे एकाच खडकात कोरलेले. आमच्या गवंडी मित्राने खांबावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आमचं काम चुकलं तर वीट काढून पुन्हा लावता येते. इथं एक घाव चुकला की संपलं." स्तूपासमोर बसून आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले. ज्या खोल्यांत भिक्खू वर्षावासाचे तीन महिने काढत, त्यांतले दगडी ओटे दाखवताना तात्या पोरासारखे पुढे पळत होते.

दुपारी गावाच्या दक्षिणेला मानमोडीचा डोंगर चढलो. वाट निसरडी, काटेरी. कपारीला आग्या मोहळे असतात, म्हणून विडी-काडी, अगरबत्ती पेटवायची नाही, असे आधीच ठरले होते. लेण्यांपाशी खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. राजा नहपानाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी पोढी आणि मंडप दान दिल्याचा लेख या डोंगरावर आहे. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे परदेशातून आलेल्या माणसाने, दोन पोढ्या दिल्याची नोंद आहे.

शिक्षक मित्र हे सांगत असता तात्या टाक्याच्या काठावर बसले. पाणी हिरवट, पिण्याजोगे नव्हते. त्यांनी नुसता हात बुडवला. म्हणाले, "लहानपणी विहिरीवर आपल्याला लांब उभं करून वरून ओतायचे. आईचा हंडा भरेपर्यंत सूर्य डोक्यावर यायचा. आणि इथं दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याचं दान होत होतं!"

कोणी काही बोलले नाही. मग शिक्षकांनी १९३४ सालची हकिगत सांगितली. बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबाद किल्ल्याच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले, तर पाणी बाटवले म्हणून जमाव अंगावर आला. शेवटी आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर, बरोबर शिपाई देऊन त्यांना किल्ला पाहू दिला. २० मार्च १९२७ ला महाडचे चवदार तळे चाखून सात वर्षे झाली होती, तरीही!

बंधू-भगिनींनो, म्हणून म्हणतो, लेण्यांकडे सहलीची जागा म्हणून पाहू नका. जुन्नरच्या लेखांत राजे-अमात्य आहेत, तसेच धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे. बांबूकाम करणारे आणि काशाची भांडी घडवणारे आहेत. गावातल्या भिक्खुणींच्या विहाराचाही उल्लेख आहे. आज आपण विहारासाठी दहा-वीस रुपयांची पावती फाडतो, ती रीत इतकी जुनी आहे.

पोराबाळांना घेऊन हिवाळ्यात जा. पाणी घरून न्या, कचरा परत आणा. आणि भिंतीवर कोळशाने स्वतःचे नाव लिहू नका. तिथे आम्हाला अशी नावे दिसली आणि मान खाली गेली. ज्यांनी पाणी दिले, त्यांची नावे त्या दगडावर शोभतात.

उतरताना तात्या मागे वळून एवढेच म्हणाले, "पुढच्या खेपेला नातीला आणतो. तिला हे टाकं दाखवायचंय."