गुडघ्यातले पाणी आणि जाणारा तोल

साठी ओलांडलेल्या माणसाने गुडघ्याची तक्रार केली, की ‘वंगण संपले’ असा निर्वाळा घरोघरी दिला जातो. यंत्राची उपमा सोयीची असली तरी ती दिशाभूल करते. निरोगी गुडघ्यात हा द्रव मुळात चहाचा चमचाभरही नसतो. झिजलेला गुडघा सुजतो तेव्हा तो आटत नाही, उलट वाढतो. यालाच आपण ‘गुडघ्यात पाणी झाले’ असे म्हणतो. या पाण्याचा एक उपद्रव वेदनेहून निराळा आहे आणि त्याची दखल फारशी कोणी घेत नाही.

सांधा द्रवाने ताणला गेला की मांडीच्या पुढील स्नायूचे आकुंचन आपोआप मंदावते, हे डीअँड्रेड, ग्रँट आणि डिक्सन यांनी १९६५ साली दाखवून दिले. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी गुडघ्यांत क्षारजल सोडण्यात आले, तेव्हा या स्नायूच्या आतल्या बाजूच्या भागावर परिणाम होण्यास अवघे २० ते ३० मिलिलिटर पुरले. तेथे झीज नव्हती, दुखापतही नव्हती. होता तो केवळ ताण. सांध्याच्या आवरणातून मज्जारज्जूकडे संदेश जातात आणि तेथूनच स्नायूला आवर घातला जातो. रुग्ण जोर लावत नाही असे नव्हे. त्याचा जोर स्नायूपर्यंत पुरता पोहोचतच नाही. जिना उतरताना गुडघा एकाएकी दगा देतो, त्याचे हे एक कारण होय. त्यातच गुडघा किती वाकला आहे याची न पाहता होणारी जाणही या विकारात बोथट होते. मग तोल सावरणार कोण?

उभी हयात फळ्यासमोर उभे राहून काढलेल्या शिक्षकाला अशा वेळी सल्ला मिळतो तो विश्रांतीचा. सूज ताजी असताना तो दोन दिवस ठीक. पण महिनोन्‌महिने बसून राहिल्यास मांडी आणखी रोडावते आणि पडण्याचे भय वाढते. व्यायाम, वजन घटवणे आणि काठी यांची ठाम शिफारस अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली केली. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत, असे तिनेच तितक्याच ठामपणे सांगितले. (औषधाच्या दुकानात कल नेमका उलटा दिसतो!)

२०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, हे योग्यच झाले. परंतु शस्त्रक्रियेची वेळ लांबवू शकणारा व्यायाम शिकवणारा माणूस तालुक्याच्या गावी सहज भेटावा, यासाठी तेवढाच आग्रह कोणी धरलेला दिसत नाही. खुर्चीत बसून पाय सरळ करावा, क्षणभर तसाच धरावा, सावकाश खाली आणावा. एवढ्याला पैसा लागत नाही, दाखवणारा लागतो. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते, हेही अनेकांना कोणी सांगितलेले नसते. गुडघा अचानक लाल व गरम होऊन ताप आला, तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.